वयनींचा राहिलेला पेपर

पुस्तक उघडण्याआधी वयनी पदर कमरेला खोचायच्या. एकदा नाही, दर तासाला. मग दोन्ही तळहात मांडीवर घासायच्या, पेनाचं टोपण पेनाच्या मागे घट्ट बसवायच्या आणि फळ्याकडे बघत म्हणायच्या, "बसला की जमता." बसलं की जमतं, हे त्या कुणाला उद्देशून म्हणत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारच्या मुलीला म्हणत असतील, नाहीतर पुस्तकाला. मला मात्र पहिल्या दिवशी ती धमकीच वाटली होती.

मी तेव्हा मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि कॉलेजला सुट्टी लागली की पगारालाही सुट्टी. मूळची मी सावंतवाडीची. त्यामुळे किनाऱ्यावरची माणसं जरा संथ आणि जरा हट्टी असतात, असं समजण्याची मला लहानपणापासून सवय. बी.बी.ए.चा आमचा वर्ग वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली भरायचा. दुपारी तिथे मुलांच्या आधी मास्तरच पेंगायला लागत. मुलं सगळी नुकती बारावी झालेली. कुणाला गोव्यात हॉटेलात चिकटायचं होतं, कुणाला पुण्याला जायचं होतं, बऱ्याच जणांना तूर्तास कुठेच जायचं नव्हतं. आणि त्यांच्यात, पहिल्या बाकावर, चाळिशी ओलांडलेली ही बाई.

मी त्यांना कुणाची तरी आई समजले. पालकांनी कृपया बाहेर थांबावं, असं मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं. त्या उठून उभ्या राहिल्या, अगदी शाळेतल्यासारख्या. "पालक नाय, मॅडम. शिकूक मीच इलंय," म्हणाल्या आणि परत बसल्या. वर्ग हसला. त्याही हसल्या. त्या दिवसापासून पोरं त्यांना वयनी म्हणायला लागली, आणि पुढे हजेरी घेतानाही माझ्या तोंडात तेच यायला लागलं. मालवणीत वहिनीला वयनी म्हणतात, हे सावंतवाडीच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण जिला सून येण्याचं वय जवळ आलंय अशा बाईला एकोणीस वर्षांच्या पोरांनी वयनी म्हणावं, यातली गंमत सगळं कॉलेज उपभोगत असे.

त्यांचं गाव आचऱ्याच्या बाजूला. भातशेती, थोडे आंबे, बरेचसे काजू. नवरा वायरमन, अबोल. मुलगा मुंबईला नोकरीत. घरात ही दोघं आणि सासू, आणि गोठ्यात दोन गायी. प्रवेश घेताना ऑफिसातल्या क्लार्कने त्यांना विचारलं होतं की बारावीनंतर एवढी वर्षं शिक्षणात खंड पडला त्याचं कारण काय लिहू. त्यांनी सांगितलं, लग्न. क्लार्कला वाटलं बाई चेष्टा करतेय, त्याने "कौटुंबिक अडचण" असं लिहिलं. वयनींनी ते वाचलं आणि त्याला खोडायला लावलं. अडचण कसली, लग्न सुखाचं झालंय, असं त्यांचं म्हणणं.

आता, या वयात बी.बी.ए. कशाला, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता, आणि मी तो विचारलाही. त्यांच्या गावात बायकांची एक संस्था होती, काजूवर प्रक्रिया करणारी. काजू वाफवायचे, फोडायचे, गर सोलायचे, निवडायचे, डब्यात भरायचे. गावातल्या पंचवीसेक बायकांची चूल त्यावर पेटायची. संस्थेला नवीन मशिनं मंजूर झाली, आणि त्याबरोबर अट आली की मॅनेजर व्यवस्थापनाचा पदवीधरच पाहिजे. गावात तसा कोणी नव्हता. मग बाहेरून एक आला, तो पावसाळा बघून गेला. दुसरा आला, त्याला मोबाइलची रेंज मिळेना म्हणून गेला. मॅनेजर गेला की युनिट बंद, आणि बायका घरी. हे दोनदा झाल्यावर वयनींनी संस्थेच्या बैठकीत सांगितलं की मी पदवी आणते. मला त्यांनी हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "भायरसून येतत ते जातत. हयचा कोणतरी होया, मॅडम, जा खंय जावचा नाय." कुठेही न जाणारं, इथलंच माणूस हवं होतं. संस्थेच्या अध्यक्षबाईंनी तोपर्यंत हंगामी कारभार आपल्याकडे ठेवला आणि वरच्या ऑफिसातून त्यासाठी मुदत मागून घेतली. मुदत वयनींच्या निकालापर्यंतची होती.

आमच्या वर्गात पदवी म्हणजे फोटो काढायची संधी होती. या बाईला ती कामासाठी हवी होती.

मात्र हेतू चांगला असला म्हणून अभ्यास सोपा होत नाही. वयनी काही छुप्या हुशार वगैरे नव्हत्या, हे मी आधीच सांगते. इंग्रजीशी त्यांची ओळख बारावीला सुटलेली. बाजारपेठेच्या अभ्यासासाठी मी मुलांना मालवणच्या बाजारात पाठवलं, तेव्हा वयनींनी माझी प्रश्नावली शब्द न् शब्द खरी मानली आणि मासळी विकणाऱ्या एका बाईला विचारलं की तुमच्या ग्राहकाचं समाधान एक ते पाच या प्रमाणात किती. त्या बाईने कोयता खाली न ठेवता त्यांना जे उत्तर दिलं ते वर्गात वाचून दाखवता येण्यासारखं नव्हतं. वयनींनी ते प्रामाणिकपणे लिहून आणलं होतं. मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.

त्यांची खरी पद्धत एकच होती, पाठांतर. लहानपणी त्यांनी आरत्या, भजनं, सगळं पाठ केलं होतं आणि त्यातलं अजून काही विसरल्या नव्हत्या. तीच रीत त्यांनी मॅनेजमेंटला लावली. नियोजनाची तत्त्वं, संघटनेची तत्त्वं, सगळी त्या भाकऱ्या थापताना घोकत आणि पेपरात उतरवत. दुसऱ्या वर्षी त्यांना वर्गासमोर इंग्रजीतून सादरीकरण करायचं होतं. मध्येच लॅपटॉपवरची पानं मागेपुढे झाली. पडद्यावर काजूच्या बागेचा फोटो आणि वयनी बोलतायत बँकेच्या कर्जाबद्दल. पडद्यावर कर्जाचा तक्ता आणि त्या सांगतायत कलमं कशी बांधतात ते. त्या एकदाही मागे वळल्या नाहीत. पाठ केलेलं शेवटपर्यंत म्हणून, "थँक यू" म्हणून, घाम पुसत जागेवर येऊन बसल्या. पोरांनी बाकं वाजवली. मीही वाजवली, खोटं कशाला सांगू.

या रीतीवर त्यांनी सगळे पेपर काढले, एक सोडून. तो माझा पेपर होता, स्टॅटिस्टिक्स. संख्याशास्त्र. पहिल्यांदा नापास झाल्या तेव्हा मला वाईट वाटलं. दुसऱ्यांदा झाल्या तेव्हा राग आला. उत्तरपत्रिकेची प्रत मागवून बघितली तर काय, गणितं सगळी बरोबर. रीत बरोबर, बेरजा बरोबर, उत्तराखाली दोन रेघासुद्धा. फक्त ती गणितं प्रश्नपत्रिकेतली नव्हती. ती माझ्या वर्गात फळ्यावर सोडवलेली होती. बाईंनी गणितं आकड्यांसकट पाठ केली होती, आणि प्रश्न सरासरीचा आला की पाठ असलेलं सरासरीचं गणित उतरवून दिलं होतं. मी डोक्याला हात लावला. अहो, आकडे बदलतात, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि तिसऱ्या खेपेला आणखी जास्त गणितं पाठ करून गेल्या. त्यातलं एकही आलं नाही.

तिकडे वर्ग पास होऊन पांगला. गोव्याला जाणारे गोव्याला गेले. वयनींचा एकच पेपर राहिला होता. आणि त्याच वर्षी सूचना लागली की अभ्यासक्रम बदलतोय, जुन्या पॅटर्नच्या विद्यार्थ्यांना ही शेवटची संधी. ती गेली की नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून सुरुवात. संस्थेची मुदत तेवढी लांबणार नव्हती. तिसरा बाहेरचा मॅनेजर घ्यायची चर्चा सुरू झाली होती. अध्यक्षबाईंनी वयनींना स्पष्ट सांगितलं होतं की या निकालानंतर माझ्या हातात काही नाही.

परीक्षेचं वेळापत्रक लागलं, आणि दोनच दिवसांत त्यांच्या गावात देवाचा कौल झाला. गावपळण.

किनाऱ्यावरच्या काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा, देवाने कौल दिला की अख्खं गाव वेशीबाहेर पडतं. हिंदू, मुसलमान, म्हातारेकोतारे, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस नि तीन रात्री गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. लोक वेशीपलीकडे माळावर, खाडीकाठी विणलेल्या झावळ्यांच्या, म्हणजे झापांच्या झोपड्या घालून राहतात. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि परतायचं. वयनींचा पेपर बरोब्बर या दिवसांत, शेवटच्या सकाळी आला होता.

याची त्यांना काळजी वाटली नाही. कॉलेज काही गावात नव्हतं, पेपर झोपडीतून उठूनही देता येतो. त्यांनी सगळी तयारी केली. तांदूळ, भांडी, सासूची औषधं, गायींचा पेंढा. हॉलतिकीट ब्लाउजच्या आत पाकिटात. आणि पुस्तक, वह्या, कॅल्क्युलेटर हे सगळं एका फडक्यात बांधून देवघरात देवांपुढे ठेवलं. त्यात दोन हिशेब होते. एक, देवाचा हात लागेल. दोन, निघताना शेवटी देवापुढे दिवा लावायचाच असतो, तेव्हा गाठोडं विसरणं शक्यच नाही. पण निघायचा ढोल वाजला, वासरू दावं तोडून परसात पळालं, त्याला धरायला त्या धावल्या, आणि दिवा लावला सासूने. सासूला वाटलं, देवापुढे ठेवलेली वस्तू, ती देवाचीच. तिने नमस्कार केला आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळी मला फोन आला. आवाजात काहीच गडबड नव्हती. "मॅडम, पुस्तकां घरात रवली," म्हणाल्या, "आणि घर गावात."

मी भडकले. मला लवकर राग येतो आणि तो लपवता येत नाही. मी म्हटलं, नवऱ्याला पाठवा, पाच मिनिटांचं काम आहे, मागच्या दाराने जाऊन घेऊन येईल, कुणाला कळतंय. तुमची तीन वर्षं पणाला लागली आहेत, बायकांचं काम पणाला लागलंय, आणि गाठोडं भिंतीपलीकडे पडलंय. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "गाव आता देवाक दिलो, मॅडम. दिलेला परत मागूचा नसता."

मी फोन ठेवला आणि चरफडत बसले. रागाच्या भरात मी घरातल्या घरात बऱ्याच गोष्टी बोलले, त्या इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पुस्तक, माझा कॅल्क्युलेटर आणि कोरे कागद पिशवीत घालून स्कूटर काढली.

त्यांच्या वेशीबाहेरचा माळ मी आयुष्यात विसरणार नाही. झापांच्या झोपड्यांची ओळच्या ओळ. खाडीवरून वारा येत होता. पुरुष माणसं पत्ते कुटत होती, बायका फुगड्या घालत होत्या, बांबूच्या डालीखाली कोंबड्या कलकलत होत्या, आणि कुणालाही कुठेही जायची घाई नव्हती. शेत नाही, गोठा नाही, झाडलोट नाही. मला बघून कोणीतरी ओरडलं, वयनीची मॅडम इली, आणि चहा, पोहे, शहाळं असं तिन्ही बाजूंनी आलं. गावपळणीत बाहेरचा माणूस पाहुणा असतो.

वयनी झोपडीपुढे गोणपाटावर बसल्या होत्या, मोकळ्या हातांनी. मला ते विचित्र वाटलं. त्यांचे हात मी कधी रिकामे बघितलेच नव्हते. मी पुस्तक उघडून एक गणित पुढे ठेवलं. त्यांनी आकडे बघितले, डोळे मिटले आणि पाठ म्हणायला लागल्या. पहिला रकाना, दुसरा रकाना, गुणाकार. थोडं पुढे जाऊन थांबल्या. पाठ असलेले आकडे आणि समोरचे आकडे जुळत नव्हते. वह्या असत्या तर त्यांनी तसलंच सोडवलेलं गणित शोधून काढलं असतं. वह्या देवाकडे होत्या.

त्यांचे डोळे भरून आले. तीन नापास निकालांना ही बाई रडली नव्हती. मला म्हणाल्या की पाठ केल्याशिवाय मला काही येत नाही, हे माझं डोकंच नाही. मी पुस्तक मिटलं. खरं सांगते, मला तेव्हा काही शिक्षणशास्त्र वगैरे सुचलं नव्हतं, मी नुसती हताश होते. समोर कोंबड्या ओरडत होत्या. मी म्हटलं, चला, उठा, प्रत्येक झोपडीत किती कोंबड्या आहेत ते विचारून येऊ.

गावाला एवढं मनोरंजन त्या तीन दिवसांत झालं नसेल. आम्ही झोपडीझोपडीतून कोंबड्या मोजत फिरलो. कुणाकडे दोन, कुणाकडे चार, कुणाकडे एक म्हातारा कोंबडा. आणि माजी सरपंचांनी आपली पोल्ट्रीच्या पोल्ट्री टेम्पोत घालून बाहेर काढली होती, नियम म्हणजे नियम म्हणून. परत येऊन वयनींनी सरासरी काढली. कॅल्क्युलेटर माझा, बोटं त्यांची. उत्तर बघून त्या बुचकळ्यात पडल्या. दर झोपडीमागे सरासरी जेवढ्या कोंबड्या निघाल्या, तेवढ्या सरपंच सोडले तर एकाकडेही नव्हत्या. त्यांनी दोनदा ताडून बघितलं.

"मगे सरासरी खोटा बोलता?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलत नाही, मी म्हटलं, सरपंचांकडे बघून बोलते. म्हणून मग मीडियन काढायचा. सगळ्यांना कोंबड्यांप्रमाणे एका रांगेत उभं करायचं, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि मधल्याला विचारायचं. वयनींनी सगळे आकडे रांगेत लिहिले. मधल्यावर बोट ठेवलं. मग मान वर करून समोरच्या झोपड्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मी बघत होते, आणि मला वाटतं, शिकवण्याच्या धंद्यात मला मिळालेला तो सगळ्यात मोठा पगार होता.

मग त्यांना दम निघेना. गायी मोजल्या. झोपडीतली माणसं मोजली. माझ्याकडून स्टँडर्ड डेव्हिएशन करून घेतलं आणि ते झाल्यावर स्वतःशीच म्हणाल्या की म्हणजे कोण किती वेगळा पडतो ते. पत्ते कुटणारी मंडळी पत्ते टाकून आमच्याभोवती बसली. मधला माणूस कोण यावर त्यांच्यात वाद पेटला. सरपंच जरा नाराज झाले, त्यांना मध्ये कुणी घेईना.

दुपार कलली तशी वयनी सवयीने उठायला लागल्या. चहाची वेळ झाली होती, वासरू हंबरत होतं. तेवढ्यात आतून सासू आली. चांगली काटक म्हातारी. ती माझ्याशी दिवसभरात अक्षर बोलली नव्हती, आणि गाठोड्याचं तिच्या मनाला लागलं असणार हे मला दिसत होतं. तिने सुनेच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत गोणपाटावर बसवलं.

"तू बस," ती म्हणाली. "हय तुझा घर नाय. चूल मी बघतंय, ढोरां मी बघतंय. तू वाच."

वयनी बसल्या. लग्न झाल्यापासून त्यांना कोणी असं बसवलं असेल, असं मला वाटत नाही. आणि घरात, त्या चुलीपुढे, वह्यांच्या ढिगाऱ्यात, या बाईला गणित कधी आलं नसतं, हे मला तिथे बसल्याबसल्या लख्ख कळलं. मी पुस्तक आणि कॅल्क्युलेटर तिथेच ठेवून निघाले. वेशीजवळ मागे वळून बघितलं तर त्या पुस्तकातलं गणित सोडवत होत्या आणि सासू वासराला पाणी दाखवत होती.

पेपरच्या दिवशी मला परीक्षेच्या खोलीत जायची परवानगी नव्हती, विषय माझाच असल्यामुळे. मी खाली जिन्याशी उभी राहिले. पोरं भराभर उतरली, काही तर वेळेच्या आधीच. वयनी सगळ्यांच्या मागून, शेवटची घंटा झाल्यावर उतरल्या. साडीला माळावरची माती लागलेली होती. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "एक पण गणित वळखीचा नव्हता. मगे तेंच्यावांगडा बसलंय." त्या गणितांच्या सोबत बसल्या होत्या, आणि आता बस चुकेल म्हणून निघून गेल्या. गाव अजून वेशीबाहेरच होतं, त्यांना झोपडीत परतायचं होतं.

निकाल शिमग्याच्या आधी लागला. त्या पास झाल्या. काठावर नाही, चांगल्या पास झाल्या. मी फोन केला तर सासूने उचलला, तिला सांगितलं, तिने फक्त बरं म्हटलं आणि फोन खाली ठेवला. मग फोन चालूच राहिला असावा, कारण तिकडे म्हातारी कुणाला तरी हाका मारत अंगणातून धावत गेलेली मला ऐकू आली. महिन्याभरात वयनी युनिटच्या मॅनेजर झाल्या.

पदवीदान समारंभ एप्रिलमध्ये ठेवला होता. येतंय, नक्की येतंय, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मी त्यांच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवली. समारंभ सुरू झाला, नावं पुकारली जाऊ लागली, पोरं काळे झगे घालून वर जात होती, खाली आया फोटो काढत होत्या. खुर्ची रिकामीच राहिली. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा कोणी उठलं नाही, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. मला इतकं वाईट वाटलं की मी सभागृहातून उठून बाहेर आले. नंतर प्राचार्यांना विचारून प्रमाणपत्र मीच ताब्यात घेतलं आणि तशीच, चांगल्या साडीत, स्कूटरवरून त्यांच्या गावाला निघाले. दोन शब्द सुनवायचे असं ठरवूनच निघाले होते.

युनिटात शिरले तर मॅनेजरची खुर्ची रिकामी. वयनी कटरवर बसल्या होत्या, काजू फोडत. गावात लग्न होतं, त्यामुळे बायका कमी आलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी माल न्यायला गाडी येणार होती. पहिलीच मोठी मागणी. म्हणून मॅनेजर स्वतः बसली होती. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी काळी पडते आणि भाजल्यासारखी सोलते. त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले होते. माझ्या हातातलं प्रमाणपत्र बघून त्या उभ्या राहिल्या आणि हात एकदम मागे घेतले. त्याला डाग लागला असता.

सुनवायचं राहूनच गेलं. मी ते प्रमाणपत्र त्यांच्यासमोर दोन्ही हातांनी उभं धरलं. वयनींनी ते इंग्रजीतून वाचायला सुरुवात केली, एकेक शब्द सावकाश. पाठ केलेलं नव्हतं ते, आयुष्यात पहिल्यांदाच समोर आलं होतं. अडखळल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या, आणि शेवटपर्यंत वाचलं. बऱ्याच बायका मशिनं थांबवून भोवती जमल्या. कोपऱ्यात साली काढत बसलेली सासू सूप बाजूला ठेवून उठून आली. ती म्हणाली, आमका कळात असा वाच.

मग वयनींनी ते मालवणीत सांगितलं. "ह्या बाईन सगळे पेपर सोडवल्यान, ती पास झाली, आणि आता ती पदवीधर आसा, असा विद्यापीठ सांगता."

"बाई कोण ता सांग," सासू म्हणाली. "नाव लिवलेला आसा ना थय? ता वाच."

वयनींनी कागदावर नावाची ओळ शोधली. त्या गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. कुणाची काकी, कुणाची मामी, वायरमनची बायको, युनिटातली वयनी. आमच्या कॉलेजातही आम्ही काही वेगळं केलं नव्हतं. मी आता वैभववाडीला शिकवते, त्यांची भेट क्वचितच होते, पण ते नाव मला ठाऊक आहे. इथे मात्र मी ते लिहिणार नाही. ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं नाव आहे.

त्या कागदाच्या अगदी जवळ आल्या, काळे हात पाठीमागे धरून, आणि त्यांनी आपलं नाव वाचलं. मशिनं थांबलेली होती, त्यामुळे ते शेवटच्या बाकावरच्या बाईलाही ऐकू गेलं.